चुन्याची निवळी आणि काचेतले प्रवाळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

चुन्याची निवळी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. थोडा चुना पाण्यात कालवावा, भांडे रात्रभर झाकून ठेवावे आणि सकाळी वरचे नितळ पाणी अलगद ओतून घ्यावे. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण याच पाण्यात नळीने फुंकर मारली, ते दुधासारखे पांढरे झाले आणि उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो हे कायमचे पाठ झाले.

या निवळीला जर्मन भाषेत ‘काल्कवासर’ म्हणतात. शब्दशः अर्थ तोच, चुन्याचे पाणी. घरात काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवणारे जगभरचे शौकीन हे पाणी रात्री थेंबथेंब टाकीत सोडतात. कारण साधे आहे. प्रवाळ, म्हणजे आपले पोवळे ज्या कुळातले ते प्राणी, स्वतःचे घर स्वतः बांधतात आणि ते चुन्याच्या कार्बोनेटचे असते. घर बांधायचे तर चुना हवाच. हे आज कोणालाही पटेल. पण काचेच्या टाकीत पहिले प्रवाळ आले तेव्हापासून हा चुना मोजून पुरवण्याची रीत रुळेपर्यंत सव्वाशे वर्षे गेली. एवढा वेळ का लागला, त्याची ही हकिकत आहे.

साल १८४६. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की नावाचे गाव आहे. तिथे ॲना थिन नावाच्या बाई मुक्कामाला होत्या. त्यांचे यजमान लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये धर्मगुरू होते. बाईंना किनाऱ्यावरच्या खडकांत बारके, वाटीच्या आकाराचे प्रवाळ सापडले. त्यांनी ते दगडी बरणीत समुद्राच्या पाण्यात घातले आणि थेट लंडनला नेले. समुद्राचे पाणी तिथे रोज कुठून मिळणार? मग उघड्या खिडकीशी उभे राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचे, पुन्हा पहिल्यात ओतायचे. आपण चहा गार करायला कपातून बशीत ओततो ना, तसेच. हे काम रोज अर्धा-पाऊण तास चाले. कधी बाई स्वतः करत, कधी त्यांची मोलकरीण. पुढे त्यांनी पाण्यात समुद्रशैवालही ठेवले. त्यांचे प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले.

बाईंना एक गोष्ट बरोबर कळली होती, ती म्हणजे पाण्याला हवा लागते. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये वनस्पती, मासे आणि गोगलगायी यांचा मेळ घालून पाणी चांगले कसे ठेवता येते ते मांडले. त्या काळच्या मत्स्यालयशास्त्राचे सगळे लक्ष श्वासावर होते. प्राणवायू आहे ना, मग झाले! थिनबाईंचे प्रवाळ थंड पाण्यातले, एकेकटे राहणारे आणि सावकाश वाढणारे होते. त्यांची चुन्याची भूक इतकी थोडी की ती कोणाच्या लक्षात येण्याचे कारणच नव्हते.

यानंतर फिलिप हेन्री गॉस यांचे नाव येते. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले, त्यामागे गॉस यांचा हात होता. १८५४ मध्ये त्यांचे मत्स्यालयावरचे पुस्तक आले आणि इंग्लंडमध्ये घरोघरी काचेच्या टाक्या दिसू लागल्या. पण समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी खारे पाणी आणायचे कुठून? गॉस यांनी ते घरी बनवायचे ठरवले. ब्रायटनजवळच्या समुद्राच्या पाण्याचे श्वाइत्सर नावाच्या रसायनतज्ज्ञांनी केलेले पृथक्करण त्यांनी समोर ठेवले. त्यात मीठ होते, मॅग्नेशिअमचे क्षार होते, पोटॅशिअम होते. शिवाय हजार भागांत सुमारे १.४ भाग चुन्याचे सल्फेट, म्हणजे जिप्सम, आणि अगदी नाममात्र चुन्याचे कार्बोनेट होते.

गॉस यांनी काय केले? कार्बोनेट फारच थोडे आहे म्हणून सोडून दिले. जिप्सम पाण्यात सहज विरघळत नाही म्हणून तेही वगळले. उरले चार पदार्थ : साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशिअम क्लोराइड आणि पोटॅशिअम क्लोराइड. समुद्राच्या पाण्याची ही पाककृती छापून आली आणि तिच्यात चुन्याला जागाच नव्हती. मात्र ज्या पाण्यात गॉस यांनी हे क्षार विरघळवले ते लंडनच्या ‘न्यू रिव्हर’चे होते. हा कालवा खडूच्या दगडांच्या प्रदेशातल्या झऱ्यांवरून येतो. म्हणजे पुढच्या दाराने घालवलेला चुना मागच्या दाराने थोडाफार आत आलाच. पण तो किती आला आणि किती दिवस पुरला, हे पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही.

या हौसेची किंमत किनाऱ्याने मोजली. टाकीतले प्राणी मेले की लोक नवे आणायला समुद्रावर जात. गॉस यांचे चिरंजीव एडमंड यांनी १९०७ मध्ये आठवणींचे पुस्तक लिहिले. वडिलांच्या पुस्तकांमुळे खडकांवर गर्दी लोटली आणि लहानपणी पाहिलेली भरलेली डबकी रिकामी झाली, याची खंत त्यात आहे. टाकीतल्या मरणाचे कारण कळत नाही तोवर समुद्रावरची लूट थांबत नाही. या हकिकतीत पणाला लागलेली गोष्ट हीच आहे.

याच काळात दुसरी काही माणसे समुद्राचे पाणी तोलत होती. कोपनहेगनचे प्राध्यापक योहान गेओर्ग फोर्खहामर यांनी जगभरच्या समुद्रांतून शेकडो नमुने मिळवले आणि १८६५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना एक कोडे पडले होते. नद्या समुद्रात चुना सतत आणून ओततात, तरी समुद्रात तो इतका कमी कसा? त्यांचे उत्तर असे : समुद्रात एखादा पदार्थ किती उरतो, हे नद्या किती आणतात यावर ठरत नाही. तो पाण्यातून किती सहज बाहेर काढला जातो, यावर ठरते. आणि शिंपले, प्रवाळ यांसारखे जीव चुना सतत बाहेर काढत असतात.

पुढे ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात महासागरांचा प्रवास केला. त्या सफरीतले ७७ नमुने ग्लासगोच्या विल्यम डिटमार यांनी तपासले. पाणी कुठलेही असो, मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळजवळ सारखेच, हा त्यांचा १८८४ मधला निष्कर्ष आजही समुद्रविज्ञानाचा पाया आहे. कॅल्शिअम खोल पाण्यात किंचित जास्त असते, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. आज आपण सांगतो की समुद्राच्या एक किलो पाण्यात कॅल्शिअम सुमारे ४१० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशिअम सुमारे १३०० मिलिग्रॅम असते.

आता समुद्र आणि टाकी यांतला फरक पाहा. समुद्र म्हणजे न आटणारे कोठार. चारशे लिटरच्या टाकीत मात्र सगळे मिळून कॅल्शिअम १७० ग्रॅमच्या आसपास असते. टाकीत दगडी प्रवाळ दाट वाढले असतील तर ते दिवसाला लिटरमागे २० मिलिग्रॅमपर्यंत खाऊ शकतात. म्हणजे रोजचे आठ ग्रॅम झाले. आठवडा-पंधरवड्यात टाकी कंगाल. फोर्खहामर यांनी महासागराबद्दल जे सांगितले तेच इथे काही दिवसांत घडते, फक्त पाणी आणून ओतणारी नदी नसते.

मग मोजत का नव्हते? कारण मोजणे सोपे नव्हते. चुन्याचा ऑक्झॅलेटच्या रूपात साका बसवायचा, तो गाळायचा, धुवायचा, भट्टीत भाजायचा आणि नाजूक तराजूवर तोलायचा, अशी जुनी रीत होती. घरच्या हौशी माणसाला हे कसे जमावे? गोड्या पाण्यासाठी साबणाची चाचणी होती. ॲबरडीनचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी ती १८४० च्या दशकात शास्त्रशुद्ध केली. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको. पण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशिअमचा इतका भरणा असतो की साबण दोघांत फरकच करू शकत नाही.

वाट निघाली ती अनपेक्षित ठिकाणाहून, कापडाच्या धंद्यातून. जड पाण्यातल्या चुन्यामुळे रंगाई-छपाईत डाग पडत. त्यावर उपाय शोधताना जर्मनीत फर्डिनांड म्युंझ यांनी १९३५ मध्ये एक नवा पदार्थ तयार केला. त्याला आज आपण ईडीटीए म्हणतो. हा पदार्थ कॅल्शिअमला असा धरतो, जसा खेकडा नांगीत सावज धरतो. अशा संयुगांचे शास्त्रीय नाव ‘कीलेट’, आणि तेही नांगी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आलेले आहे. झुरिकचे गेरोल्ड श्वार्त्सेनबाख यांनी १९४५ च्या सुमारास या नांगीचा मोजमापासाठी उपयोग दाखवला. पाणी सोड्याच्या तीव्र द्रावणाने खूप अल्कधर्मी करायचे. मग मॅग्नेशिअम साका होऊन बाजूला बसते. दर्शक घालायचा, पाणी गुलाबी होते. मग ईडीटीए थेंबथेंब सोडायचे. शेवटचे मोकळे कॅल्शिअम नांगीत सापडले की रंग पालटतो. थेंब मोजा, कॅल्शिअम कळले!

आज घरगुती चाचणीच्या पेटीत जे असते ते हेच. पाच मिलिलिटर पाणी, दोन-तीन बाटल्या आणि मोजायचे थेंब. एका थेंबाला २० मिलिग्रॅम धरणारी पेटी असेल आणि एकविसाव्या थेंबाला गुलाबी रंग निळा झाला, तर लिटरला ४२०. ज्या कामाला डिटमार यांना भट्टी आणि तराजू लागला असता, ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाच मिनिटांत होते.

इकडे प्रवाळ पाळणारेही पुढे सरकत होते. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकी मत्स्यपालन मासिकात आपली पद्धत लिहिली. समुद्रातले जिवंत खडक, समुद्राचेच पाणी, ऊन आणि हवेचे बुडबुडे, बस. ती त्यांना साधली, कारण त्यांच्या दाराशी समुद्र होता आणि ताज्या पाण्याबरोबर चुना येत राहिला. जर्मनी, स्वित्झर्लंडच्या भर जमिनीवर राहणाऱ्यांना ही सोय नव्हती. तिथेच १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी काल्कवासरचा पुरस्कार केला. टाकीतले पाणी वाफ होऊन उडते, त्याची भर साध्या पाण्याने न करता चुन्याच्या निवळीने करा, असे त्यांचे सांगणे होते. दगडी प्रवाळ नुसते जगणे सोडून वाढू लागले. वाढले की त्यांची फांदी तोडून मित्राला देता येऊ लागली. तुळशीचे रोप शेजारी द्यावे, तसे प्रवाळ एका टाकीतून दुसऱ्या टाकीत जाऊ लागले. त्यातल्या प्रत्येक फांदीमागे समुद्रातला एक तुकडा जागच्या जागी राहिला.

आता निवळीच का? नुसता कॅल्शिअमचा क्षार टाकला तर चालणार नाही का? हौशी माणसांची दुसरी मोठी चूक इथे झाली. कॅल्शिअमची चाचणी हाती आली आणि सगळे कॅल्शिअमच मोजू लागले. पण घर नुसत्या चुन्याचे नाही, चुन्याच्या कार्बोनेटचे आहे. विटा आहेत आणि गिलावा नाही, तर भिंत कशी उभी राहील? पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा अंदाज ज्याने येतो त्याला अल्कता म्हणतात. म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. प्रवाळांनी लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शिअम घेतले तर ४२० चे ४०० होते. पाच टक्केही घट नाही, आणि थेंबांच्या चाचणीत तो एका थेंबाचा फरक. तेवढ्याच वेळात अल्कतेचा मात्र चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग संपलेला असतो. कॅल्शिअमची चाचणी ‘सगळे ठीक’ म्हणत असते आणि टाकी तर उपाशी असते.

निवळीची खुबी हीच की ती दोन्ही देते. चुन्यातून कॅल्शिअम मिळते, आणि तिच्यातला अल्क पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून बायकार्बोनेट होतो. प्रवाळ ज्या प्रमाणात दोन्ही घेतात त्याच प्रमाणात ती दोन्ही परत करते. पुढे याला पर्याय निघाले. ड्युसेलडॉर्फच्या लोबेके संग्रहालयातले रोल्फ हेबिंगहाउस यांनी बंद नळकांड्यात प्रवाळाचेच खडे भरून त्यांतून कार्बन डायऑक्साइड मिसळलेले पाणी फिरवले. खडे विरघळतात आणि जे प्रवाळाने घेतले तेच प्रवाळाला परत मिळते. हान्स-व्हेर्नर बालिंग यांनी कॅल्शिअम आणि बायकार्बोनेट यांची वेगवेगळी द्रावणे मोजून घालण्याची पद्धत रूढ केली. तत्त्व एकच : दोघांचा हिशेब एकत्र ठेवा.

यात घाई उपयोगाची नाही. निवळी फार तीव्र अल्कधर्मी असते. एकदम ओतली तर प्रवाळ भाजून निघतील, म्हणून ती थेंबथेंब, तीही रात्री, जेव्हा पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. कॅल्शिअम आणि अल्कता दोन्ही भरमसाट वाढवली, किंवा मॅग्नेशिअम फार घसरले, तर चुना प्रवाळावर न बसता पंपावर आणि हीटरवर बसतो. कधी सगळे पाणीच दुधाळ होते. शाळेत ज्या दुधाळ रंगाला आपण टाळ्या वाजवल्या, तोच रंग इथे महिन्यांची मेहनत बुडाल्याचा असतो. म्हणून जाणकार एका आकड्यावर उडी मारत नाहीत. चाचणी ठरलेल्या वेळी करायची, नळी स्वच्छ धुवायची, बाटल्यांची मुदत पाहायची, शंका आली तर चाचणी पुन्हा करायची आणि आकडे वहीत लिहायचे. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आठवड्याचा कल जास्त खरे बोलतो.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे. भारतात २००१ साली दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. ते समुद्रातून काढणे, विकणे, घरी बाळगणे गुन्हा आहे. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत, आणि तिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले. ते पाहायला आपण तिथे जायचे, त्यांना घरी आणायचे नाही. पण टाकीत जे कळले त्याचा या मालवणच्या प्रवाळांशी जवळचा संबंध आहे.

१९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी हाच टाकीतला हिशेब हाती घेतला. मोनॅकोत जाँ-पिएर गात्तुझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यातले कॅल्शिअम कमी-जास्त करून प्रवाळ घर किती वेगाने बांधतात ते मोजले. १९९८ साली त्यांचे निष्कर्ष आले. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात ‘बायोस्फिअर टू’ नावाचा काचेचा भव्य प्रकल्प आहे. त्यात कृत्रिम समुद्र आहे, आणि तो म्हणजे एक प्रचंड मत्स्यालयच. तिथे ख्रिस लँग्डन यांनी काही वर्षे पाण्याचे रसायन बदलून पाहिले. २००० साली त्यांनी दाखवून दिले की कार्बोनेट घटले की प्रवाळांची बांधणी मंदावते. शौकिनांनी नुकसान सोसून जे शिकले होते, ते आता आकड्यांत पक्के झाले.

आणि कार्बोनेट घटते आहे ते खऱ्या समुद्रात. आपण कोळसा आणि तेल जाळतो, त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा समुद्र पितो. औद्योगिक क्रांतीच्या आधी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच ८.२ च्या आसपास होता, तो आता ८.१ च्या आसपास आहे. आकडा लहान दिसतो, पण त्याचा अर्थ पाण्यातली आम्लता पाव हिश्श्याहून जास्त वाढली असा होतो. समुद्रातले कॅल्शिअम मात्र काही कमी झालेले नाही. आपल्या थेंबांच्या पेटीने आज समुद्र मोजला तर ती ‘सगळे ठीक’ असेच म्हणेल.

२०१६ मध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरच्या वन ट्री बेटापाशी शास्त्रज्ञांनी भरती-ओहोटीचा अंदाज घेऊन प्रवाळांवरून वाहणाऱ्या पाण्यात थोडा अल्क सोडला आणि त्याचा पीएच पूर्वीच्या काळाच्या जवळ नेला. प्रवाळ-समूहाची चुना बांधण्याची गती सुमारे सात टक्क्यांनी वाढली. टाकीत रात्री निवळीचे थेंब सोडणारा माणूस जे करतो, तेच त्यांनी उघड्या समुद्राच्या एका तुकड्यावर करून पाहिले. पण तो तुकडाच होता. सगळ्या समुद्राला पुरेल एवढी निवळी कोणाच्या घरात नाही. टाकीवाल्याने खालून गळती ठेवून वरून निवळी ओतली, तर आपण त्याला आधी गळती बंद करायला सांगू.

ॲना थिन यांनी खिडकीशी उभे राहून पाणी ओतले, तेव्हा त्यांना प्राणवायू दिसत होता आणि चुना दिसत नव्हता. गॉस यांना चुना दिसला, पण तो क्षुल्लक वाटला. त्यांच्या मागून आलेल्यांनी कॅल्शिअम मोजले आणि कार्बोनेट विसरले. दर वेळी उणीव आपण मोजत होतो त्याच्या शेजारीच होती. आता आपल्याला ती कुठे आहे ते माहीत आहे. पुढच्या वेळी मालवणला गेलात आणि नाव किल्ल्याकडे निघाली, तर पाण्याकडे जरा निरखून पाहा. खाली कोणीतरी फार सावकाश घर बांधत असेल.